पिंपं हुंगणारा इनॉक

इनॉक टनिक्लिफने सव्वीस वर्षं सोमवारपासून शनिवारच्या दुपारपर्यंत कांदा खाल्ला नाही. पाइप ओढला नाही, मिशीला सुगंधी मलम लावलं नाही. बिअरच्या कारखान्यात प्रत्येक गड्याला सकाळी वाटणीची बिअर मिळते आणि निम्मे गडी तेवढ्यासाठीच वेळेवर येतात. इनॉक तिला सुट्टीच्या भोंग्यापर्यंत शिवत नसे. शनिवारी दुपारी घरी आला की त्याची बायको सेलिना त्याच्यापुढे चीज आणि अख्खा कच्चा कांदा ठेवी. डोळ्यांतून पाणी गाळत तो कांदा खाई आणि आठवडाभराचा उपास सोडी.

त्याचं काम पिंपं हुंगायचं. इंग्लंडभरातल्या पबांतून बिअरची रिकामी पिंपं रेल्वेने आमच्या बर्टन गावाला परत येतात. कुणी पबवाला बूच घट्ट ठोकून पाठवतो, कुणी उघडंच टाकतो, मग आत गाळ सडतो. कुणी मधल्या मधे त्यात व्हिनेगर भरतो, कुणी रॉकेल. धक्क्यावर पिंपं ओळीने लावायची, बूच काढायचं, वाकून भोकाला नाक भिडवायचं आणि सांगायचं. ‘गोड’ म्हटलं की पिंप धुवायला गेलं. काही न बोलता खडूने फुली मारली की ते सुतारांकडे. ते झाकण काढून आतून तासतात, जाळ देतात, नाहीतर मोडीत काढतात. धुऊन, वाफ देऊन आलेली पिंपं दुसऱ्या टोकाला दुसरा हुंग्या पुन्हा हुंगतो, कारण गरम लाकूड पोटातलं ओकतं. दोन नाकं, हा आमच्याकडचा जुना नियम. त्यापलीकडे कुणी काही तपासत नाही. तपासणार तरी कसं? बर्टनच्या पाण्यातच गंधक आहे. आमच्या ताज्या बिअरला आगकाडी ओढल्यासारखा वास येतो आणि तो वास गल्लीबोळांतून, पडद्यांतून, चर्चच्या बाकांतूनही येतो. त्या वासाच्या पोटातून दुसरा वास वेगळा काढायचा तर त्याला कमावलेलं नाक लागतं.

इनॉकचा बापही हुंग्याच. पोराला शिकवताना तो एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगे, “शंका आली की फुली. फुलीने लाकूड जातं, ‘गोड’ने माणूस जातो.” इनॉकला ते तेव्हा म्हाताऱ्याचं पाल्हाळ वाटलं. पुढे एकोणीसशे साली उत्तरेकडच्या शहरांत बिअरमधून सोमल हे जहर लोकांच्या पोटात गेलं. धडधाकट माणसांच्या हातापायांतलं बळ गेलं, कित्येक मेली. ते सगळं बिअरमध्ये घालायच्या साखरेतून आलं होतं, पिंपांचा त्यात काही दोष नव्हता. पण बर्टनात ते वर्षभर सगळे हलक्या आवाजात बोलत होते, आणि इनॉक रोज कामाला जाताना बापाचं वाक्य मनात म्हणत होता.

एकोणीसशे एकोणीसच्या फेब्रुवारीत मानमोडीचा ताप परत आला. आमच्या गल्लीतून सहा शवपेट्या निघाल्या. इनॉक अकरा दिवस अंथरुणाला खिळला आणि बाराव्या दिवशी उठून बसला. सेलिनाने चुलीवर दूध ठेवलं आणि ती दारावर शेजारणीशी बोलायला गेली. परत आली तर दूध करपून काळं झालेलं, घरभर धूर, आणि हा चुलीपासून हातभर अंतरावर शांत बसलेला.

“अरे देवा! तुझं लक्ष कुठंय? नाक आहे की खुंटी?” ती ओरडली.

इनॉकने भांड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो उठला, भांडं नाकाशी धरलं. काही नाही. टोपलीतला कांदा फोडला. डोळ्यांतून पाणी आलं, वास आला नाही. कपाटातला कापूर, रॉकेलचा दिवा, स्वतःचा बूट, एकेक करून त्याने घरातलं सगळं हुंगलं, आणि सेलिना भिंतीला टेकून ते नुसतं बघत राहिली.

“येईल परत,” ती शेवटी म्हणाली. “तापाने जातं असं. तोवर साहेबांना जाऊन सांग.”

“सांगू काय? नाक हरवलं म्हणून?” इनॉक म्हणाला. “सेलिना, मला दुसरं काय येतं? अंगणात झाडू मारायला लावतील. बापाचं नाव आहे त्या धक्क्यावर.”

“नाव घेऊन चाटायचंय का? आणि एखादं वाईट पिंप गेलं तर?”

“दुसरा हुंग्या आहे की. दोन नाकं असतात.”

हे तो बोलला खरा, पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

मग तो धक्क्यावर परत गेला. वाकला, नाक लावलं. नुसता ओला गारवा. माणूस आंधळा झाला तर लोक हात धरतात; याचं काय गेलं ते कुणाला दिसतही नव्हतं. मग त्याची नजर पिंपाला खिळ्याने ठोकलेल्या कागदाच्या चिठ्ठीवर गेली. प्रत्येक पिंप कुठल्या पबातून आलं ते तिच्यावर लिहिलेलं असतं. सव्वीस वर्षांत इनॉकने एकाही पबवाल्याचं तोंड पाहिलं नव्हतं, पण प्रत्येकाचं चरित्र त्याला पाठ होतं. वुल्व्हरहॅम्प्टनचा ‘कोकरू’वाला बूच कधी मारत नाही: फुली. डर्बीच्या ‘तीन घंटा’वाली बाई पिंप रिकामं झालं की त्याच दिवशी परत पाठवते: गोड. लिस्टरचा तो आळशी, त्याची निम्मी कुजलेली: एक सोडून एक फुली.

तो वाके, नाक लावे, आणि डोळ्याच्या कोपऱ्याने चिठ्ठी वाची. आणि साधलं की! आठवडा गेला, दोन आठवडे गेले, कुणाला काही कळलं नाही. एखादं आंबलेलं पिंप गेलंही असेल, पण लढाईच्या काळात सरकारने बिअर इतकी पाणचट करून ठेवली होती की लोक शिव्या घालायचे त्या सरकारला. तरी रोज संध्याकाळी भोंगा वाजला की इनॉकच्या पाठीवरून घाम उतरे. आज कुणी मेलं नाही, एवढाच त्याचा रोजचा पगार.

मार्चच्या सुरुवातीला एमस ऑर्गिल फ्रान्सच्या आघाडीवरून सुटून आला, तेव्हा मात्र त्याला धीर आला. एमस हा त्याचाच शागीर्द, लढाईआधी दहा वर्षं त्याच्या हाताखाली शिकलेला, आता पस्तिशीचा, चार लेकरांचा बाप. त्याला वाफेकडच्या टोकाला, बदली माणसाच्या जागी, दुसरा हुंग्या म्हणून परत घेतलं. पोरगा वाळला होता, खोकत होता, पण पिंपावर वाकायचा तो अगदी पूर्वीसारखा. इनॉकला वाटलं, माझ्याकडून निसटलं तरी एमस पकडेल. एमसच्या जिवावर तो रात्री झोपू लागला.

एकदा सुतारांचा म्होरक्या जेबेझ फ्रॅडली धक्क्यावर येऊन तणतणला, “तुझ्या त्या शागीर्दाला सांग जरा. फुल्या मारलेली पिंपं आम्ही फोडतो तर आत नवरीच्या पेटीसारखी स्वच्छ! रोज पाच-सहा. आम्ही काय हौसेनं झाकणं काढतो?”

इनॉक खूश झाला. “शंका आली की फुली मारतो तो. माझ्या बापाची शिकवण आहे ती.”

“तुझा बाप मेला, सुटला. आम्हाला मारतोय,” जेबेझ म्हणाला आणि निघून गेला.

मे संपत आला. व्हिटसनच्या सणाच्या सुट्टीसाठी आसपासच्या कोळशाच्या खाणींवर बिअर जायची होती. बुधवारी इनॉकने तीनशे साठ पिंपं ‘गोड’ म्हणून पुढे सोडली. ती धुऊन, वाफाळून, एमसकडून पास होऊन भरायच्या तळघरात रांगेने उभी राहिली. गुरुवारी जेवणानंतरच्या भोंग्याला नळ सुटणार होते.

गुरुवारी अकराच्या सुमारास मुकादम अटिंगसाहेब हातात एक पोस्टकार्ड घेऊन हसत हसत धक्क्यावर आले. अटिंगसाहेब म्हणजे पोट पुढे, घड्याळाची साखळी त्याच्याही पुढे.

“इनॉक, बघ बाबा काय लोक असतात! तो डोंगरातला ‘नांगर’ पब आठवतो?”

“म्हातारा हँडली. स्वच्छ माणूस,” इनॉक म्हणाला. “वीस वर्षांत एक पिंप वाईट आलं नाही त्याचं.”

“मेला तो फेब्रुवारीत. मुलगी लिहितेय, जावयाने एका पिंपात मेंढ्यांच्या गोचिडी मारायला अंघोळीत घालायची पूड कालवून ठेवली होती, तीन आठवडे. आणि गड्याने ते चुकून आपल्या रिकाम्यांबरोबर पाठवलं. परवाच्या गाडीने तीन पिंपं आलीत म्हणे तिकडून. घाबरलीय बिचारी.” साहेबांनी कार्ड खिशात घातलं. “मी म्हटलं, पोरी, आमच्याकडे इनॉक टनिक्लिफ आहे. काल फुली मारली असशीलच ना?”

मेंढ्यांची ती पिवळी पूड म्हणजे गंधक आणि सोमल. इनॉकला त्या तीन चिठ्ठ्या डोळ्यांसमोर दिसल्या. काल सकाळी, दुसऱ्या रांगेत, एकापाठोपाठ एक. ‘नांगर’ वाचलं आणि त्याने नाक नीटसं टेकवलंही नव्हतं. गोड, गोड, गोड.

“हो,” इनॉक म्हणाला.

तोंडातून ते कसं निघालं ते त्याला स्वतःलाच कळलं नाही. अटिंगसाहेबांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली, म्हणाले, “मला ठाऊकच होतं,” आणि शीळ घालत गेले. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

इनॉक पुढच्या पिंपावर वाकला. हातातला खडू मोडला. त्याने स्वतःला बजावलं, एमस आहे. गरम लाकडातून गंधक भसकन् वर आला असणार, एमसने फुली मारलीच असणार. नक्की मारली असणार. पण मग जेबेझकडे आतून पिवळं झालेलं पिंप गेलं असतं आणि जेबेझने सगळ्या अंगणात बोंब मारली असती. जेबेझ काल दिवसभर गप्प होता. बारा वाजेपर्यंतचा तो एक तास म्हणजे मानमोडीत घालवलेल्या अकरा रात्रींची बेरीज होती.

जेवणाचा भोंगा झाला तसा तो धावत वाफेकडच्या टोकाला गेला. एमस उलट्या पिंपावर बसून पाव-चरबी खात होता.

“एमस, काल तुझ्याकडे गंधकाचं काही आलं? आपल्या पाण्याचं सोडून. पुडीचं, मेंढ्यांच्या.”

“नाही उस्ताद. सगळी गोडच होती की.”

“नीट आठव. तीनशे साठांत एक. फुली मारलीस का?”

“मारल्या पाच-सहा. नेहमीसारख्या.” एमसने पाव खाली ठेवला. “पण तुम्ही सोडलेली पिंपं, त्यात काय असणार? तुमच्या हातून कधी...”

“माझं राहू दे. तुला काय वास आला ते सांग.”

एमसचा चेहरा उतरत गेला. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, “उस्ताद, मला वास येत नाही. लढाईत ईप्रजवळ विषारी गॅस लागला तेव्हापासून. खोकल्याचं सांगितलं मी साहेबांना, नाकाचं नाही सांगितलं. चार पोरं आहेत. मी म्हटलं, पहिलं नाक तुमचं आहे, मग भीती कसली? पाच-सहा फुल्या उगीच मारायच्या, दिसायला.” तो कसंनुसं हसला. “तुम्ही गोड म्हटलं म्हणजे गोडच.”

तीन महिने इनॉक या पोराच्या नाकावर झोपला होता आणि हे पोर त्याच्या नाकावर. मधे कुणीच नव्हतं. बर्टनच्या बिअरवर तीन महिने कुणीच नव्हतं.

“एमस,” तो म्हणाला, “माझंही गेलंय.”

जेवणाची सुट्टी संपत आली होती. इनॉक वळला. एमसने त्याची बाही धरली.

“माझं नाव सांगू नका. तुमचं सांगा हवं तर, पण माझं... उस्ताद, तुम्हाला माझ्या पोरांची शपथ!”

इनॉकने बाही सोडवली आणि पळत सुटला. बावन्न वर्षांचा माणूस, रूळ ओलांडत, मालगाडीच्या ड्रायव्हरच्या शिव्या खात. तळघराच्या जिन्यावर त्याला धाप लागली. खाली नळवाले उठून हात झटकत होते, एकाने तर नळाची कळ धरलीही होती.

“थांबा! सोडू नका! यात सोमल आहे!”

आवाज त्याचा होता, पण असा आवाज त्याने कधी काढला नव्हता. सगळे जागच्या जागी थिजले. कुणीतरी अटिंगसाहेबांना बोलावून आणलं, त्यांच्या हनुवटीला अजून रश्शाचा थेंब होता.

“काय रे? आत्ता तर म्हणालास...”

“खोटं बोललो साहेब. मला वास येत नाही. फेब्रुवारीपासून येत नाही. चिठ्ठ्या वाचून गोड म्हणतो मी. ‘नांगर’ची तिन्ही पिंपं मी सोडली. ती इथेच आहेत. यातच.”

अटिंगसाहेबांनी तीनशे साठ पिंपांवरून नजर फिरवली. धुताना चिठ्ठ्या निघतात. सगळी पिंपं एकसारखी, ओली, तपकिरी. पूर्वी प्रत्येकाच्या नंबराची वही असायची, पण लढाईत कारकून गेले आणि वहीही गेली. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांनी सुतारांना हाक मारली.

जेबेझ आणि त्याची माणसं आली. एकेक झाकण काढायचं, मेणबत्ती आत धरायची आणि झाकण बसतं त्या खाचेत बघायचं, कारण पाण्याचा फवारा तिथवर पोचत नाही. हातोड्यांचे ठोके पडत राहिले. इनॉक भिंतीला पाठ लावून उभा होता आणि प्रत्येक ठोका त्याच्या छातीत वाजत होता. पन्नास झाली, शंभर झाली. एवढी माणसं कामाला लागली होती, पण कुणी त्याच्याशी बोललं नाही. दोनशे. नाहीच सापडलं तर? आणि पुडीची खूणच उरली नसली तर? त्याला बाप आठवला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

दोनशे एकेचाळिसावं पिंप. जेबेझने मेणबत्ती आत नेली आणि तशीच धरून ठेवली. मग त्याने खाचेतून बोट फिरवून बाहेर काढलं. बोटाच्या टोकाला पिवळं लागलं होतं.

जेबेझ नेहमी तणतणणारा माणूस. पण आता तो बादलीत हात बुडवून कितीतरी वेळ धूत राहिला. इनॉक तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. भीतीने रडला की सुटकेने, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

बाकीची पिंपंही उघडायचं ठरलं, सगळीच्या सगळी. काम चालू असताना अटिंगसाहेब इनॉकसमोर येऊन उभे राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट होतं.

“घरी जा, इनॉक. काय करायचं ते वरचे ठरवतील. वेळेवर बोललास एवढं मी त्यांना सांगेन.” मग ते वळले. “एमस, तो खडू घे. उद्यापासून पहिलं नाक तू.”

एमस जिन्यापाशी उभा होता. त्याने इनॉककडे पाहिलं. सकाळी अकरा वाजल्यापासून इनॉकला जेवढी भीती वाटली होती ती सगळी त्या नजरेत होती, आणि वर चार पोरांची. खडूचा मोडका तुकडा इनॉकच्या मुठीत होता. द्यायचा, आणि मान खाली घालून घरी जायचं, बस. कुणाला कळणार नव्हतं.

“देत नाही,” इनॉक म्हणाला.

“काय?”

“खडू देत नाही साहेब. का ते त्याला विचारा.” तो एमसकडे वळला. “सांग एमस. मला सांगायला लावू नकोस. सांगून मोकळा हो रे, नाहीतर झोपणार नाहीस. मी झोपलो नाही.”

एमस टोपी काढून म्हणाला, “साहेब, माझंही नाक नाही. गॅसात गेलं.”

अटिंगसाहेब मटकन एका पिंपावर बसले. ते कितीतरी वेळ त्या दोघांकडे आलटून पालटून बघत होते, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग हळूहळू उडत गेला, कारण आता ते या तीन महिन्यांचा हिशेब लावत होते. कुठे कुठे गेली असतील पिंपं. कुणी कुणी प्यायली असेल.

मग ते उठले. सुतारांनी तपासून बाजूला काढलेलं एक पिंप होतं, त्याचं बूच त्यांनी स्वतः काढलं. पोट आवरत वाकले, भोकाला नाक भिडवलं आणि खोल श्वास घेतला. एकदा. दोनदा. बर्टनचा तो जन्मभराचा गंधक त्यांच्या नाकात भरला असणार, दुसरं काय? मग त्यांनी डोकं वर केलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने इनॉकच्या तोंडाकडे पाहिलं.

“गोड आहे ना रे?” त्यांनी विचारलं.